एका हंगामाची टीम आणि माशाचं तेल

आमच्या खाडीकाठच्या गावाची मुलींची एक व्यावसायिक बास्केटबॉल टीम होती, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग माझ्या उंचीकडे बघतात आणि मग अर्धाच विश्वास ठेवतात. उरलेला अर्धा बसावा म्हणून मी मोबाइलमधला फोटो दाखवते. निळ्या जर्सीतल्या बारा मुली, मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांत शेठ आणि मागे पत्र्याच्या छपराचं मिठाचं जुनं गोदाम. त्या बारांतली मागच्या रांगेत डावीकडून दुसरी, मान खाली घालून उभी आहे ती मी. टीम एकच हंगाम टिकली. पण मला आयुष्यात जे काही मिळालं त्यातलं निम्मं त्या एका हंगामानं दिलं, आणि हे मी कोणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

शेठ आमच्या तालुक्यातलेच. त्यांच्या वडिलांनी मिठागरात घाम गाळला, शेठनी ट्रक घेतले, मग आणखी ट्रक घेतले. हौसेला मोल नसतं म्हणतात ते त्यांच्याकडे बघून म्हणावं. दरवर्षी कबड्डीचे सामने भरवायचे, बैलगाडीच्या शर्यतीला बक्षिसं द्यायचे. मुलींच्या बास्केटबॉलची नवी लीग निघते आहे, सहा टीम हव्या आहेत, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी त्याच बैठकीत एक टीम घेतली. बास्केटबॉल त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी आम्हा मुलींना त्यांनी विचारलं होतं, "यात पकड कधी करायची?"

मी तेव्हा किहीमला एका कॉटेजवाल्याकडे पाहुण्यांची नावं लिहून चाव्या द्यायचं काम करत होते. कॉलेजात पाच वर्षं खेळले, विद्यापीठाच्या टीमपर्यंत गेले आणि मग खेळ सुटला, जसा सगळ्याच मुलींचा सुटतो. उंची मात्र सुटली नाही. पाच फूट अकरा इंच. गावात बायका मला हाक मारायच्या, "काय गो, वर हवा कशी हाय?" लग्नाची तीन स्थळं मला उभी राहिलेली बघून परत गेली होती. तेव्हा आईनं चौथ्या स्थळाला मला बसूनच राहायला सांगितलं, आणि तेवढ्यात शेठच्या निवड चाचणीची बातमी आली. मी बसून राहण्याऐवजी तिकडे गेले.

बारा जणींची निवड झाली. पहिला सामना झाला की त्यातल्या दहा जणींचीच नावं लीगकडे जाणार, दोघी घरी जाणार, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकीच्या अकरा जणी नागपूर, सांगली, मुंबईकडच्या, सतत खेळात असलेल्या. तीन वर्षं चाव्या वाटणारी मी एकटीच. त्यामुळे जायच्या दोघींमध्ये पहिली कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या कोचमॅडम नागपूरच्या. बारीक अंगाच्या, पण आवाज असा की गोदामाचा पत्रा वाजायचा. "तोंड उघड!" हे त्यांचं पालुपद. बचाव करताना पाठीमागून कोण येतंय, कोण मोकळी सुटलीय, हे ओरडून सांगायचं असतं. माझं तोंड काही उघडायचं नाही. उंच मुलींना लहानपणापासून आपण कमीत कमी दिसावं, कमीत कमी ऐकू यावं अशी सवय लागते, ती मलाही होती.

आता कोर्टाची गोष्ट. लीगची अट होती की कोर्ट लाकडीच हवं. शेठनी मिठाचं गोदाम रिकामं करून घेतलं आणि कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातलं लाकडी कोर्ट ट्रकमध्ये घालून आणलं. मुंबईहून आलेल्या माणसांनी ते दोन दिवसांत जोडलं आणि ते निघून गेले. चौथ्या दिवशी फळ्यांनी डोकी वर काढली. चेंडू एका जागी आपटला की भलतीकडे उडायचा. तेव्हा शेठनी आमच्या बाबांना बोलावलं.

माझे बाबा होड्या बांधणारे सुतार. खाडीत अजून ज्या काही लाकडी होड्या तरंगतात, त्यांतल्या कितीतरी त्यांच्या हातच्या. ते आले, कोर्टावर अनवाणी चालले, तीनचार ठिकाणी गुडघे टेकून कान लावला आणि म्हणाले, "करतो." आठ दिवस ते एकटे खपले. फळ्या काढल्या, खालच्या पट्ट्या सरळ केल्या, वर आलेले सांधे रंध्यानं तासले. नवव्या दिवशी कोचमॅडमनी पूर्ण कोर्टावर चेंडू आपटत चक्कर मारली. चेंडू कुठेही अडखळला नाही. शेठ इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, पहिल्या सामन्याचा नारळ सुतारच फोडणार. आमच्या किनाऱ्यावर ही रीतच आहे. नवी होडी पाण्यात ढकलायच्या आधी मान ती बांधणाऱ्या सुताराचा. मालकानं त्याच्या हातात नारळ दिल्याशिवाय होडीला कोणी हात लावत नाही.

बाबांनी आईला सांगून लग्नकार्यातला सदरा इस्त्रीला टाकला. मला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. कॉलेजचे सामने दूर असायचे आणि त्यांच्या हातात कायम कोणाची तरी अर्धी होडी असायची.

सामन्याच्या आदल्या दुपारी आम्ही बाहेरच्या सिमेंटच्या अंगणात पासचा सराव करत होतो. बाबा गोदामाच्या दारात आले.

"लाकूड लय सुकं लागतंय गो," ते म्हणाले. "या गोदामात भिंतीभिंतीत मीठ मुरलंय, सगळा ओलावा ओढून घेतंय. शेठ बोलले, काय करायचं तर टीमला इचारून करा. तेल पाजू का?"

माझ्याकडे चेंडू येत होता आणि कोचमॅडमची नजरही. "पाजा ना बाबा, त्यात काय इचारायचं," मी म्हणाले आणि चेंडू पकडला.

खरंच, त्यात विचारण्यासारखं मला काही वाटलंच नव्हतं. लहानपणापासून मी लाकडाला तेल लावतानाच पाहिलं आहे. होडी वर काढली की घासायची, वाळवायची आणि माशाचं तेल पाजायचं. बाबा म्हणायचे, लाकडाला तेल नाही पाजलं तर ते दर्या पितं. आमच्या घरात लाकडाला तेल लावणं म्हणजे पोरीच्या केसांना लावण्याइतकं रोजचं. पाच वर्षं लाकडी कोर्टावर घसरत, धडपडत खेळलेल्या माझ्या डोक्यात तेव्हा एवढाही उजेड पडला नाही की होडीवर कोणी बूट घालून धावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दार उघडलं आणि आधी वास आला. सुकवलेल्या बोंबलाच्या राशीत शिरावं तसा. नागपूरच्या दोघी तोंडाला रुमाल लावून बाहेरच थांबल्या. कोर्ट मात्र असं चमकत होतं की छपराचे पत्रे त्यात दिसत होते. पहिलं पाऊल कोचमॅडमनी टाकलं आणि त्या बाहेरच्या रेषेपासून थेट बास्केटखालपर्यंत बसल्या बसल्या गेल्या. कोणी हसलं नाही. तीन वाजता लीगची माणसं कोर्ट तपासायला येणार होती. कोर्ट नापास झालं तर घरचे सगळे सामने पुण्याला हलणार, हे करारात लिहिलेलं होतं.

शेठ आले ते लालबुंद होऊनच. बाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांना एव्हाना सगळं कळून चुकलं होतं. वरच्या पॉलिशमुळे तेल लाकडात मुरलंच नव्हतं, नुसतं वर उभं होतं.

"कुणाला विचारून केलंत हे?" शेठ ओरडले. "मी सांगितलं नव्हतं विचारून करा म्हणून? कुणाला विचारलंत?"

मी बाबांपासून पाच पावलांवर होते. बाकीच्या अकरा जणी आणि मी, सगळ्या ओळीत उभ्या होतो. मला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती, दहा नावांची यादी आणि त्यात नसलेलं माझं नाव. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुनाला न्हाय," ते म्हणाले. "माजं मीच केलं."

"आयुष्य गेलं सुतारकीत आणि अक्कल कुठे गहाण ठेवलीत? जा घरी. संध्याकाळी इथे दिसू नका."

आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. हे लिहितानाही माझे कान गरम होतात. सख्ख्या बापाला सगळ्यांसमोर बोलणी बसत होती, तीही माझ्यामुळे, आणि मी माझ्या बुटांच्या नाड्या बघत होते.

बाबा दारापर्यंत गेले आणि वळले. "शेठ, रागावलात ते बरोबर हाय. पन पानी ओतू नका, फळी फुगंल. भाताचं तूस आना, जाड पसरा आनि पायानं तुडवा. तूस तेल पितं. मंग गोनपाटानं पुसा आनि शेवटाला सोड्याचं फडकं, घट्ट पिळून." एवढं सांगून ते गेले.

गिरणीतून तुसाची पोती आली. आई मिठागरावरच्या पंधरावीस बायका घेऊन आली. या बायका मिठागराची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हात, म्हणजे पाय. त्यांनी खांद्याला खांदा लावून ओळ धरली, लुगडी खोचली आणि एका तालात तुडवायला सुरुवात केली. आम्ही बारा जणी त्यांच्या मधेमधे शिरलो. सांगलीच्या मुलीला ताल जमेना तेव्हा एका म्हातारीनं तिच्या कमरेला हात घालून तिला सोबत ओढलं. शेठनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तेही ओळीत आले. तीन वेळा तूस बदललं. दोन वाजता कोचमॅडम कोर्टाच्या मधोमध जाऊन बूट घासून थांबल्या. बूट किंचाळला. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

तीन वाजता लीगची माणसं आली. त्यांनी मोजलं, चेंडू आपटला, मग नाक वर केलं. "वास कसला?" एकानं विचारलं. "खाडी जवळ आहे ना," शेठ म्हणाले, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. कोर्ट पास झालं.

साडेचारला गोदाम भरलं. सारा गाव आला होता, खुर्च्या संपल्यावर लोक तुसाच्या रिकाम्या पोत्यांवर बसले. पहिल्या रांगेत बाबांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली होती. दाराजवळ शेठ स्वतःच नारळ हातात घेऊन उभे राहिले. मिठागरावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुतार असताना मालकानं नारळ फोडायचा, हे त्यांना दिसत होतं आणि पटत नव्हतं. मी जर्सी घालून, केस बांधून तयार होते. यादीत नाव यायला मला फक्त आणखी दोन तास गप्प बसायचं होतं. दिवसभर तर बसलेच होते.

मी कोचमॅडमजवळ गेले. "मॅडम, तेल लावू का असं बाबांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणाले होते."

"काहून सांगून राहिली तू हे आता?" त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि शेठसमोर नेऊन उभी केली. मी तेच पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज मोठा निघाला, पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला.

शेठनी हातातल्या नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळी का नाय बोललीस?"

"माझी जागा जाईल म्हणून."

त्यांनी गाडीची चावी घेतली आणि ड्रायव्हरलाही न सांगता स्वतः निघाले. लीगच्या माणसांना सांगितलं, नारळवाला यायचाय. वीस मिनिटांनी बाबा आले, इस्त्रीच्या सदऱ्यात. शेठनी दोन्ही हातांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुतार, माझं चुकलं." मोठ्या माणसानं असं चारचौघांत म्हणणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा नाही. त्यासाठी मी शेठची जन्माची ऋणी आहे.

मी मात्र खेळले नाही. "आज तू बसशील. यादीचं मग बघू," कोचमॅडम म्हणाल्या होत्या. सामना आम्ही हरलो. बाबा पहिल्या रांगेत बसून राहिले आणि मी बाकावर.

घरी आल्यावर मला वाटलं होतं बाबा पाठीवरून हात फिरवतील. कसलं काय. ताटावर बसले आणि भडकले. "मी गप ऱ्हायलो ते कशापायी? माजं वय झालं, दोन शिव्या खाल्ल्या तर माजं काय गेलं? तुजी जागा ऱ्हावी म्हनून गप ऱ्हायलो आनि तू जाऊन ती घालवून आलीस!" मीही भडकले. "मला नको असली जागा!" आई म्हणाली, दोघंही जेवा आणि मग भांडा. आम्ही जेवलो. जेवल्यावर भांडायला काही उरलं नव्हतं, कारण दोघांनाही रडू येत होतं आणि दोघंही ते लपवत होतो.

दोन दिवसांनी यादी लागली. दहावं नाव माझं होतं. मी कोचमॅडमना विचारलं, असं कसं. त्या म्हणाल्या, "तू उशिरा बोलतेस, पण बोलतेस. बचावात मुकी मुलगी माझ्या काही कामाची नाही. आता लवकर बोलायला शिक." त्या दिवसापासून मी कोर्टावर ओरडायला लागले आणि अजून थांबलेले नाही.

तो हंगाम म्हणजे माझ्या आयुष्यातला सण होता. दहापैकी तीन सामने जिंकलो. रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचो आणि तिथून पुढे दुसऱ्यांच्या गावी खेळायला जायचो. लाँचवरचे खलाशी आम्हाला बघून म्हणायचे, खालच्या मजल्यावर डोकी सांभाळा. मी पहिल्यांदाच माझ्यासारख्याच उंच मुलींमध्ये ताठ उभी राहिले. मिठागरावरच्या बायका घरच्या प्रत्येक सामन्याला यायच्या आणि गुण कोणालाही मिळो, टाळ्या वाजवायच्या. शेवटपर्यंत शेठना वाटायचं की आम्ही समोरच्या मुलींची पकड करायला घाबरतो.

पुढच्या वर्षी लीग झालीच नाही. दोन टीम आधीच गळाल्या, मग बाकीच्यांचाही उत्साह गेला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं झालं असेल, मला त्यातलं फार कळत नाही. शेठनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावून जेवू घातलं आणि हात जोडून सांगितलं की पोरींनो, आता जमणार नाही. ते कोर्ट एका ट्रकमधून जसं आलं तसं दुसऱ्या ट्रकमधून गेलं. मला त्या हंगामाच्या दाखल्यावर श्रीवर्धनच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी मिळाली. तिथेच माझ्याहून दोन इंच कमी उंचीचा एक मास्तर मला उभी असताना बघून हसला आणि परत गेला नाही. माझ्या शाळेतल्या पोरी सिमेंटच्या कोर्टावर खेळतात आणि मी बाहेरून गळा फाटेपर्यंत म्हणते, तोंड उघडा. मी तक्रार कशाची करणार?

एकच सामना सांगायचा राहिला, घरचा शेवटचा. तोवर मला फारतर चारपाच मिनिटं मिळायची. त्या दिवशी कोचमॅडमनी मला शेवटची दहा मिनिटं सलग ठेवलं. मी सहा गुण केले. शेवटचे दोन तर असे की तिघींच्या डोक्यावरून चेंडू टाकला, तो रिंगच्या कडेवर फिरला, फिरला आणि आत पडला. गोदाम उठून उभं राहिलं. आई ओरडत होती, शेठ ओरडत होते, मी धावता धावता पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाबा बसलेलेच होते, पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर.

सामना संपल्यावर मी घामानं निथळत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, बघितलंत का? शेवटचं बघितलंत?"

"न्हाय गो," ते म्हणाले. "मी फळ्यांकडंच बघत व्हतो. तुजा पाय घसरंल म्हनून."